बोल्ट परत अडकला: .३०८ च्या हँडलोडमध्ये जास्तीचं प्रेशर येतं कुठून?

गेल्या चार वर्षांत माझ्या .३०८ रायफलचा बोल्ट, म्हणजे हँडल उचलून मागे ओढतो तो दांडा, तीनदा अडकला, तिन्ही वेळा घरी स्वतः भरलेल्या काडतुसांवर (हँडलोड म्हणतात ती). रायफल तीच, बुलेट (नळीतून उडतं ते टोक) तीच १६५ ग्रेनची, एक ग्रेन म्हणजे ६५ मिलिग्रॅम, आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. पहिल्यांदा जे कारण सापडलं तेच मी दुसऱ्यांदाही धरून बसलो आणि एक अख्खा शनिवार फुकट घालवला, म्हणून म्हटलं लिहून टाकू, निदान दुसऱ्या कुणाचा तरी शनिवार वाचेल.

मी टेक्सासमध्ये राहतो, सॅन अँटोनियोच्या वर हिल कंट्रीत एका ओळखीच्याच्या रँचवर जातो, नोव्हेंबरात हरणासाठी आणि बाकी वर्षभर रानडुकरांसाठी, ती इथे इतकी माजलीयत की रँचवाला स्वतः फोन करून बोलावतो. भारतातून वाचणाऱ्यांनी हे नुसतं माहिती म्हणून वाचा, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद आहे आणि परवान्याशिवाय काडतुसं भरणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. आणि हो, पावडरचं नाव आणि वजन मी मुद्दाम देत नाहीये. कुणीतरी ते तसंच्या तसं उचलणार आणि त्याची रायफल माझी रायफल नाही. आकडे मॅन्युअलमधून (काडतुसं भरायच्या छापील पुस्तकातून) घ्या, तेही दोन मॅन्युअल समोर ठेवून.

आधी हे नक्की होतं काय ते. गोळी सुटते तेव्हा पितळेची केस (काडतुसाचं कवच) फुगून चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला घट्ट चिकटते. प्रेशर उतरलं की पितळ थोडं मागे येतं, बारीकशी फट पडते आणि केस आरामात बाहेर निघते. प्रेशर फार झालं की पितळ एवढं ताणलं जातं की ते परत आत येतच नाही, आणि मग हँडल उचलताना हाताला कळतं की काहीतरी बिनसलंय. .३०८ साठी सॅमी या अमेरिकन संस्थेने ठरवलेली वरची मर्यादा ६२,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे. दुसऱ्या काडतुसांत .३०-०६ ची ६०,०००, .२७० ची ६५,०००. आता मेख अशी आहे की पितळेवर आणि प्रायमरवर (केसच्या बुडातली, पावडर पेटवणारी छोटी वाटी) आपल्याला डोळ्यांनी दिसणाऱ्या बऱ्याचशा खुणा या मर्यादेच्या खाली उमटतच नाहीत. म्हणजे खूण दिसली तेव्हा तुम्ही आधीच रेषा ओलांडलेली असते, "अजून खूण नाही म्हणजे अजून जागा आहे" हे गणित सुरुवातीपासूनच चुकीचं आहे. शेजारी एक म्हातारबा आहेत, त्यांच्याकडे त्यांच्या वडलांची .३०-३० लिव्हर ॲक्शन रायफल आहे. त्या काडतुसाची मर्यादा फक्त ४२,००० आहे, तिथे प्रायमर चपटा व्हायची वाट बघत बसलात तर रायफल आधी जाईल. असल्या जुन्या, कमी प्रेशरच्या काडतुसांना खुणा बघून लोड (पावडरचं प्रमाण) वाढवायचाच नाही, पुस्तकात लिहिलंय तिथे थांबायचं.

प्रायमरबद्दल थोडं सविस्तर बोलतो कारण सगळे पहिल्यांदा तिथेच बघतात आणि तिथेच फसतात. प्रायमर म्हणजे आपल्या दिवाळीतल्या टिकलीचा मोठा भाऊ. नेहमीचा प्रायमर उडाल्यावर कडेला गोलाई राहते, प्रेशर वाढलं की ती गोलाई जाऊन तो पॉकेटच्या (बुडातल्या त्याच्या खळगीच्या) भिंतीपर्यंत पसरतो, तव्यावर उलथन्याने दाबल्यासारखा. पण काही कंपन्यांचे प्रायमर मऊ असतात, ते नेहमीच्या लोडलाही चपटे दिसतात. दुसरं म्हणजे साइझिंग डायने (उडालेली केस दाबून परत मापात आणणारा साचा) केसचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, फार मागे ढकलला असेल तर लोड अगदी माफक असूनसुद्धा प्रायमर चपटा होतो: केस पुढे सरकते, प्रायमर आधी थोडा मागे बाहेर येतो आणि मग केस मागे आपटली की तो बोल्टवर ठेचून परत आत बसतो. हे प्रेशर नाही, हेडस्पेस आहे, म्हणजे केसला पुढे-मागे हलायला मिळालेली जागा. यात पावडर कमी करून उपयोग शून्य, डाय थोडी वर घ्यायची, खांदा दोन हजारांश इंच मागे गेला की पुरे. अशा केसेसमध्ये बुडाच्या जरा वर चकचकीत कडं दिसायला लागलं तर पेपरक्लिपच्या तारेचं टोक वाकवून आतून फिरवून बघा, खाच लागली की ती केस भंगारात, पुढच्या वेळी तिथूनच तुटणार आहे ती.

तसंच प्रायमरवर फायरिंग पिनच्या भोवती उठणारा कंगोरा, क्रेटर म्हणतात तो. बोल्टच्या तोंडावरचं पिनचं भोक जरा मोठं असलं की प्रायमरचं पितळ त्यात शिरतं आणि क्रेटर उठतो. माझ्या दुसऱ्या रायफलला फॅक्टरीच्या साध्या गोळ्यांवरही क्रेटर उठतो. महिनाभर मी त्या रायफलला घाबरून होतो. त्यामुळे पहिलं काम हे करा: फॅक्टरीचा एक बॉक्स विकत घ्या, त्याच रायफलमधून पाचेक गोळ्या मारा आणि त्या केसेस जपून ठेवा. तुमच्या हँडलोडची तुलना त्यांच्याशी करायची, नेटवरच्या फोटोंशी नाही. प्रायमरला भोक पडलं किंवा कडेने काळा धूर निघाल्याची खूण दिसली तर मात्र तुलना वगैरे काही नाही, तिथल्या तिथे बंद.

माझा जास्त विश्वास तीन गोष्टींवर आहे. एक म्हणजे हँडल जड जाणं. दुसरं, केसच्या बुडावर, जिथे कंपनीचं नाव ठोकलेलं असतं तिथे, इजेक्टरचा (केस बाहेर फेकणाऱ्या पिनचा) गोल चकचकीत ठसा, कधी कधी हँडल फिरवताना तो घासून चंद्रकोरीसारखा होतो. तिसरं, प्रायमर पॉकेट ढिलं होणं, म्हणजे पुढच्या वेळी नवीन प्रायमर बसवताना हाताला विरोधच जाणवत नाही. चांगली केस पाच-सात वेळा सहज चालते, ती दुसऱ्या-तिसऱ्या वेळीच ढिली पडली तर लोड जास्त आहे, मग बाकी कुठलीच खूण दिसलेली नसो. ही खूण उशिरा कळते पण खोटं बोलत नाही. चौथी गोष्ट म्हणजे क्रोनोग्राफ, बुलेटचा वेग मोजायचं यंत्र, त्यावर खाली येतोच.

आता माझे तीन किस्से.

पहिल्यांदा अडकला तो फुकटेपणामुळे. फुकट ते पौष्टिक या नियमाने मी एकाकडून सत्तर-ऐंशी मोकळ्या केसेसची पिशवी आणली होती, त्यात माझ्या लक्षात न येता काही मिलिटरीच्या होत्या, ७.६२ नाटोच्या, प्रायमरचा क्रिंप (त्याला धरून ठेवायला दाबलेली कड) आधीच काढलेला त्यामुळे पटकन ओळखू येत नव्हत्या. बाहेरून सगळं सारखं, चेंबरमध्ये छान बसतात. पण मिलिटरीचं पितळ जाड. वजन केलं तर माझी नेहमीची केस १५८ ग्रेनच्या आसपास आणि ही १७८. बाहेरचं माप तेच आणि वीस ग्रेन पितळ जास्त म्हणजे ते पितळ आत जागा खाणार, पितळेची घनता साडेआठच्या आसपास धरली तर सव्वादोन ग्रेन पाण्याएवढी जागा कमी झाली. .३०८ च्या आत एकूण जागाच ५५-५६ ग्रेन पाण्याची, म्हणजे चारेक टक्के गेली. माझा लोड आधीच पुस्तकातल्या वरच्या टोकाजवळ होता, मग हँडल उचलायला तळहात मारावा लागला यात नवल काय. उपाय सोपा: हेडस्टॅम्प (बुडावर ठोकलेलं नाव) बघून केसेस वेगळ्या करा, आणि केस बदलली की लोड पुन्हा खालून चढवत आणा. मी तर आता मिलिटरीच्या केसेस ठेवतच नाही, एवढी कटकट कोण करेल.

दुसऱ्यांदा ऑगस्टमध्ये. डुकरांसाठी गेलो होतो, दुसऱ्याच गोळीला बोल्ट जड, बुडावर इजेक्टरचा ठसा एकदम स्पष्ट. मी लगेच शहाण्यासारखा ठरवून मोकळा की परत मिक्स केसेस आल्या. घरी येऊन शंभर केसेस एकेक करून तोलल्या, हाच तो शनिवार, आणि सगळ्या एका लॉटच्या, दोन-तीन ग्रेनच्या आतबाहेर. बायको म्हणाली गोळ्या कुठे होत्या दिवसभर? गाडीत होत्या. ट्रकच्या डॅशबोर्डवर, काचा बंद, बाहेर १०२ फॅरनहाइट. हा लोड मी जानेवारीत बसवला होता, सकाळी ४५ फॅरनहाइटच्या थंडीत. माझी पावडर बॉल प्रकारची जुनी, तापमानाला हळवी. जानेवारीतल्या नोंदीत वेग होता २,६८० फूट प्रतिसेकंद. आता मुद्दाम एक संध्याकाळ क्रोनोग्राफ घेऊन गेलो, गोळ्या आधी सावलीत ठेवून आणि लोड थोडा उतरवून, तरी जेवढा वेग यायला हवा होता त्यापेक्षा जास्तच येत होता. जास्तीचा वेग फुकट मिळत नसतो, तो प्रेशरमधूनच येतो.

म्हणून क्रोनोग्राफ. हल्ली तो फार महाग राहिलेला नाही आणि प्रेशर मोजायचं यंत्र घरी कुणाकडे नसतं, त्यामुळे आपल्या हातात असलेलं सगळ्यात प्रामाणिक साधन तेच. मॅन्युअलमध्ये त्या बुलेटचा वरचा वेग आणि टेस्ट बॅरलची लांबी दिलेली असते. तुमचं बॅरल त्यापेक्षा आखूड असेल तर इंचाला साधारण वीस-तीस फूट वजा करा. माझं २२ इंची, पुस्तकातलं २४, म्हणजे माझा वेग पुस्तकातल्यापेक्षा पन्नासेक फूट कमी यायला हवा. तो पुस्तकाएवढाच आला तर "माझं बॅरल फास्ट आहे" म्हणून खूश व्हायचं कारण नाही, बहुतेक वेळा तुम्ही मर्यादेच्या वर आहात, केसवर खूण असो नसो. उष्णतेचा उपाय म्हणजे लोड ज्या हवेत वापरणार त्याच हवेत तपासा, गोळ्या कूलरमध्ये ठेवा (बर्फाला चिकटवून नाही, ओल्या गोळ्या हा वेगळाच ताप आहे), आणि रेंजवर बॅरल तापलेलं असताना चेंबरमध्ये गोळी घालून गप्पा मारत बसू नका, ती तिथे शिजत असते. मी शेवटी तापमानाला कमी हळवी असलेली पावडर घेतली आणि अर्थातच सगळं शून्यापासून बसवलं. ही भरत बसायची पद्धत बायकोला पापड लाटण्यासारखी वाटते, एकदा बसलं की उठायचं नाव नाही.

तिसरा किस्सा सगळ्यात छळणारा. गेल्या नोव्हेंबरात, हवा थंड, केसेस माझ्याच, पावडर नवी, लोड वरच्या टोकापासून चांगला खाली. आणि तरी बोल्ट जड. सगळ्यांना नाही, पाचातल्या दोघांना. आता उष्णतेवर ढकलता येईना. म्हातारबांनी एक साधी टेस्ट सांगितली: उडवलेली केस घे, साइझ न करता, आणि तिच्या तोंडात नवीन बुलेट हाताने सोड. ती आपसूक आत घसरली पाहिजे. माझ्या त्या दोन केसेसमध्ये बुलेट तोंडावरच अडली. म्हणजे गोळी सुटताना मानेला फुगायला जागाच मिळत नव्हती, मान बुलेटला धरून ठेवत होती आणि तेवढ्यात प्रेशर भडकत होतं. कॅलिपर लावला तर केसची लांबी २.०२७ इंच. .३०८ ची जास्तीत जास्त लांबी २.०१५, ट्रिम करायची, म्हणजे तोंडाकडून कापून आखूड करायची, ती २.००५ ला. दर वेळी फुल लेंग्थ साइझिंग केलं, म्हणजे अख्खी केस डायमध्ये दाबली, की पितळ पुढे वाहतं, सहा वेळा वापरलेल्या केसेस मी एकदाही ट्रिम केल्या नव्हत्या, उद्या करू उद्या करू. वर चेंबरच्या मानेच्या टोकाला कार्बनचं कडक कडं जमलेलं. मोबाइलला जोडायचा स्वस्तातला बोअरस्कोप (नळीच्या आत बघायचा कॅमेरा) मागवला तेव्हा ते दिसलं, चुलीवरच्या भांड्याच्या बुडासारखं काळं. लांब झालेली मान त्या कड्यावर जाऊन चेपली जात होती. नुसतं सॉल्व्हंट फिरवून ते जात नाही, कार्बन रिमूव्हरमध्ये भिजवून, मानेच्या मापाच्या ब्रशने हळूहळू काढावं लागतं, मला तीन बैठका लागल्या. केसेस ट्रिम केल्या, कडं काढलं, आणि तोच लोड लोण्यासारखा चालायला लागला. पावडरला हातही लावला नाही. मी जर फक्त लोड उतरवला असता तर खूण गेली असती आणि कारण तसंच राहिलं असतं, पुढच्या सीझनला पुन्हा हेच.

या तिघांशिवाय जी कारणं आसपासच्या लोकांकडे पाहिली ती पटापट सांगतो. बुलेट बदलणं हे मोठं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं नसलेल्या गोळ्याच लागतात, तिथल्या एका मित्राने शिशाची १६५ काढून तांब्याची १६५ त्याच पावडरवर बसवली. वजन तेच ना, असं म्हणाला. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची बुलेट लांब होते, केसमध्ये खोल शिरते, शिवाय कडक असते. तिचा वेगळा डेटा असतो, तोच वापरायचा, आणि या बुलेटना रायफलिंगपासून (नळीतल्या पीळदार खाचांपासून) जरा जास्त अंतर ठेवा असं बनवणारेच सांगतात. कुठलीही बुलेट रायफलिंगला टेकवून बसवली की प्रेशर वाढतं, अचूकतेच्या नादात लोक हळूहळू पुढे सरकत जातात आणि लोड तोच ठेवतात. प्रायमर: मागे टंचाई होती तेव्हा जे मिळेल ते लोकांनी घेतलं, साध्याच्या जागी मॅग्नम (जास्त जोराचे) घातले. बदललात तर लोड खालून चढवा. चेंबरमध्ये तेल राहिलं किंवा पावसात गोळ्या भिजल्या तर केस भिंतीला नीट चिकटत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर जातो, साइझिंगचं ल्यूब पुसायला विसरणारेही यातच.

आणि काटा. इलेक्ट्रॉनिक काटा एसीच्या झोताने, बाजूला ठेवलेल्या मोबाइलने, नाहीतर नुसता गरम होऊन सरकतो. सराफाची गुंज जवळपास दोन ग्रेनची, म्हणजे आपण गुंजेच्या चौथ्या हिश्शावर भांडत असतो. दर दहा गोळ्यांनी चेकवेट (नेमक्या माहीत वजनाचा तुकडा) ठेवून बघा. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा, हा नियम मी लेकीच्या वाढदिवसालाही मोडत नाही.

बोल्ट अडकलाच तर जागेवर काय करायचं: नळी सुरक्षित दिशेला, चष्मा डोळ्यांवर, आणि थांबा. गोळी सुटलीच नाही, नुसतं क्लिक झालं असेल तर किमान तीस सेकंद तशीच धरून ठेवा. आवाज फुसका आला असेल तर बोल्ट उघडून नळी मोकळी आहे का बघितल्याशिवाय पुढची गोळी घालायची नाही. गोळी नक्की सुटलीय आणि बोल्ट तळहाताने उघडत नाही, तर हातोडी, पाना, गाडीचं चाक, कसलेही प्रयोग नकोत, सरळ गनस्मिथकडे. रँचवर एकाने बुटाची लाथ घालून उघडायचा उद्योग केला होता, एक्स्ट्रॅक्टर (केस बाहेर ओढणारी आकडी) तुटला आणि केस आतच.

उरलेल्या गोळ्या "संपवून टाकू" म्हणून मारायच्या नाहीत, कुकरला निदान सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. बुलेट उपसायचा हातोडीसारखा पुलर मिळतो, ठक ठक करून सगळ्या उघडायच्या. मी ऑगस्टनंतर त्रेचाळीस गोळ्या उघडल्या, दोन संध्याकाळी, खालच्या मजल्यावरचे शेजारी विचारायला आले की सुतारकाम चाललंय का. मग सुरुवातीच्या लोडपासून परत, एका वेळी एकच गोष्ट बदलून, प्रत्येक पायरीला वेग, हवेचं तापमान, केसची लांबी आणि कितव्यांदा वापरली ते वहीत. सुरुवातीच्या लोडच्या खालीही जायचं नाही बरं का, संथ पावडर फार कमी भरली तर ती वेगळ्याच तऱ्हेने दगा देते.

माझ्या डब्यांवर आता चिठ्ठी असते, लॉट, तारीख, कितवं फायरिंग, शेवटचं ट्रिम कधी. परवा या सीझनचे प्रायमर बसवताना त्या नोव्हेंबरच्या लॉटमधल्या अकरा केसेसची पॉकेट ढिली लागली, अंगठ्याने प्रायमर आत जात होता. त्या अकराही पक्कडीने तोंड चेपून भंगारच्या बरणीत टाकल्या, म्हणजे पुन्हा कुणाला फुकटात मिळायला नकोत.